पॅकेट रेडिओ

पॅकेट रेडिओ ही हौशी रेडिओ (हॅम रेडिओ) केंद्रांना संगणकीय माहितीची देवाणघेवाण करू देणारी पद्धत आहे. यात संदेशाचे लहान तुकडे (पॅकेट) करून ते रेडिओलहरींद्वारे पाठवले जातात. दूरध्वनीची तार किंवा इंटरनेट सेवा नसतानाही घरोघरीचे संगणक या पद्धतीने जोडता येतात. कमी वेग आणि संदेश गुप्त ठेवण्यास असलेली मनाई या तिच्या प्रमुख मर्यादा होत.

इतिहास

हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली उभारलेले अलोहानेट हे रेडिओ पॅकेट जाल १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. हौशी रेडिओमधील पहिले पॅकेट प्रक्षेपण ३१ मे १९७८ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे झाले. त्यानंतर व्हँकूव्हर येथील हौशी गटाने संगणक व रेडिओ यांना जोडणारे 'टर्मिनल नोड कंट्रोलर' (टीएनसी) हे उपकरण विकसित केले. १९८१ मध्ये हौशी रेडिओसाठी ४४ या अंकाने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६७ लाख इंटरनेट पत्ते राखून ठेवण्यात आले. त्यांपैकी एक चतुर्थांश पत्ते २०१९ मध्ये ॲमेझॉन कंपनीला विकले गेले.

घरगुती केंद्राची रचना

केंद्रासाठी संगणक, टीएनसी, रेडिओ संच आणि अँटेना ही साधने लागतात. टीएनसी संगणकाकडून आलेल्या माहितीची पॅकेट तयार करते व त्यांचे ध्वनीत रूपांतर करते. अतिउच्च वारंवारितेच्या (व्हीएचएफ) पट्ट्यांवर त्यासाठी सामान्यतः १२०० व २२०० हर्ट्झचे दोन स्वर वापरतात. हेच काम आता संगणकाचे साउंड कार्ड आणि 'डायरवुल्फ'सारखी मुक्त प्रणाली यांच्या साहाय्यानेही होते.

पॅकेटची मांडणी एएक्स.२५ या प्रोटोकॉलनुसार केली जाते. प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा कॉल साइन (ओळखसंकेत), मजकूर आणि त्रुटी तपासण्याचा अंक असतो. जोडणी करून चाललेल्या संवादात सदोष किंवा हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवले जाते.

वेग आणि क्षमता

व्हीएचएफवर प्रचलित असलेला वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे १५० बाइट असतो. या वेगाने २० लाख बाइटचे एक छायाचित्र पाठवण्यास साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. एका पॅकेटमध्ये साधारणतः २५६ बाइटपर्यंत मजकूर मावतो. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागत असल्याने अशा पॅकेटमध्ये जेमतेम ८५ चिन्हे बसतात. त्यामुळे ही पद्धत लघुसंदेश, हवामानाच्या नोंदी व ठिकाण कळवणे यांसाठी उपयुक्त ठरते.

एकच वारंवारिता अनेक केंद्रे वापरत असल्याने प्रक्षेपणापूर्वी ती मोकळी आहे का, हे टीएनसी तपासते. तथापि, डोंगर किंवा अंतर यांमुळे परस्परांना ऐकू न येणारी दोन केंद्रे एकाच वेळी बोलू लागल्यास मधल्या केंद्राकडे दोन्ही पॅकेट बिघडून पोहोचतात. हा 'अदृश्य केंद्रा'चा दोष टाळण्यासाठी उंच जागी पुनःप्रक्षेपक बसवतात व संदेश मोजके ठेवतात.

नियम आणि मर्यादा

प्रक्षेपणासाठी शासकीय परवाना आवश्यक असतो. भारतात तो केंद्र सरकारकडून परीक्षेनंतर मिळतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार, उपग्रह-नियंत्रणाचे संकेत वगळता, वेगवेगळ्या देशांतील हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्याच्या हेतूने सांकेतिक केलेले संदेश पाठवण्यास मनाई आहे. अनेक देशांचे अंतर्गत नियमही असेच आहेत.

याचा घरगुती जालाच्या रचनेवर थेट परिणाम होतो. घरातील वाय-फाय सरसकट रेडिओशी जोडल्यास बँकेचे किंवा इतर संकेतस्थळांचे कूटबद्ध दळणवळण हौशी पट्ट्यावर जाऊन नियमभंग होऊ शकतो. कूटबद्धता काढल्यास पासवर्ड कोणालाही वाचता येतील. म्हणून दोन्ही जाले वेगळी ठेवून, मधल्या संगणकावरील गाळणीतून केवळ निवडक व उघड मजकूरच रेडिओकडे सोडला जातो.