खाऱ्या पाण्यातले पाहुणे : टाकीच्या तळाशी

बॅलास्टचं पाणी, म्हणजे रिकाम्या जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेलं समुद्राचं पाणी, निर्जंतुक करणारी यंत्रं आज उघडून दाखवतो म्हणालो होतो. ती पुढच्या आठवड्यात. मालवणच्या एका निवृत्त खलाशांचं पत्र आलंय. ते विचारतात, ‘‘बॅलास्टच्या टाकीत मी उतरलोय. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही असा काळोख. या पाण्यातून देशोदेशी जाणारे, उन्हावर जगणारे तुमचे हे सूक्ष्म जीव तिथे दोन-दोन आठवडे मरत कसे नाहीत?’’

मरतात की! बहुतेक मरतातच. तगतात ते झोपलेले. डायनोफ्लॅजेलेट गटातल्या काही सूक्ष्मजीवांना एक अवस्था असते, सिस्ट नावाची. जाड कवच, आत जेमतेम धुगधुगी. ऊन नको, अन्न नको. पावसाची वाट बघत जमिनीत पडून राहिलेल्या तणाच्या बियांसारख्या या सिस्ट गाळात पडून राहतात. काही जातींच्या तर वर्षानुवर्षं. उथळ बंदरात पंप सुरू झाला की तळ ढवळतो, पाण्याबरोबर गाळ टाकीत येतो आणि त्यासोबत हे झोपलेलेही.

पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलंय, ‘‘घोटाभर चिखल असायचा.’’ मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच वाक्य. आपण इतके आठवडे पाण्याबद्दल बोलतोय. खरी गोष्ट चिखलात आहे.

टास्मानिया विद्यापीठाच्या गुस्ताफ हॅलेग्राफ यांनी सहकाऱ्यांबरोबर ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत आलेल्या 343 मालवाहू जहाजांच्या टाक्या तपासल्या. 65 टक्के जहाजांत तळाशी चांगलाच गाळ होता. 16 जहाजांत विषारी जातींच्या सिस्ट सापडल्या. त्यांतल्या एका जहाजाच्या एकाच टाकीत अलेक्झांड्रियम या विषारी डायनोफ्लॅजेलेटच्या 30 कोटींहून जास्त जिवंत सिस्ट असाव्यात, असा हिशेब निघाला.

हॅलेग्राफ या चिखलाच्या मागे लागले त्याला कारण घरचं होतं. 1986 साली टास्मानियाच्या दक्षिणेला जिम्नोडिनियम कॅटेनॅटम या अशाच विषारी जीवाचं पेव फुटलं आणि कालवं-शिंपल्यांची 15 शेतं बंद करावी लागली, काही तर सहा-सहा महिने. याचं विष शिंपल्यांत साठतं. खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात आणि मात्रा जास्त झाली तर श्वासाचे स्नायूच थांबतात. शिजवून ते जात नाही, त्यावर उताराही नाही.

आता प्रश्न असा की हा जीव तिथलाच, की उपरा? ‘आम्ही पूर्वी कधी पाहिला नव्हता’ हा पुरावा नव्हे. पूर्वी बघत होतं कोण? उत्तर पुन्हा चिखलातूनच आलं. टास्मानियातल्या ह्युऑन नदीच्या मुखाजवळच्या एका उपसागरात तळात नळी खुपसून गाळाचा उभा दांडा काढला. शिसं-210 आणि अणुचाचण्यांतून जगभर पसरलेलं सीझियम-137 यांवरून थरांची वयं ठरवली. वरच्या थरांत कॅटेनॅटमच्या सिस्ट होत्या. 1972च्या आसपासच्या थराखाली एकही नाही. आणि त्याच सुमारास टास्मानियातून जपानला कागदासाठी लाकडाच्या ढलप्या जाऊ लागल्या होत्या. ढलप्या न्यायला जहाजं यायची ती रिकामी, म्हणजे बॅलास्ट भरून! हा पुरावा परिस्थितिजन्यच. अमुक जहाजानं आणला, असं बोट दाखवता येत नाही. मला मात्र तो पटतो.

भर समुद्रात टाकीतलं 95 टक्के पाणी बदलावं, हा 2004च्या आंतरराष्ट्रीय करारातला जुना उपाय. पाणी बदलतं, गाळ पुष्कळसा तळाशीच बसून राहतो. म्हणून टाक्या जिथे साफ वा दुरुस्त होतात, तिथे गाळ उतरवून घेण्याची सोय हवी, असंही करार सांगतो. या कलमाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

आपल्याकडे? बॅलास्टच्या पाण्याचा बंदोबस्त करण्याच्या कामासाठी जगातून निवडलेल्या पहिल्या सहा बंदरांत मुंबई होती, आणि दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं विशाखापट्टणम बंदराच्या गाळातल्या सिस्टही तपासल्या आहेत. पण सिस्ट सापडली म्हणजे ती बाहेरूनच आली, असं होत नाही. त्यासाठी ह्युऑनसारखे न विस्कटलेले थर हवेत. मुंबई बंदराचा जलमार्ग जहाजांसाठी सारखा उपसावा लागतो, तिथे थर कुठून टिकणार? दांडा काढायचाच तर जहाजांच्या वाटेपासून दूर, एखाद्या निवांत खाडीत काढावा लागेल.