चेनसॉ घरी ट्यून करताय? मग आधी त्याचा आवाज ओळखायला शिका

‘फक्त एक स्क्रू फिरवा आणि चेनसॉची पॉवर वाढवा’ असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतील. स्क्रू फिरवला की मशीन खरंच जोरात ओरडायला लागतं. पण तो आवाज दरवेळी ताकदीचा नसतो. बऱ्याचदा इंजिन कोरडं पडत चालल्याची ती खूण असते, आणि असं मशीन काही मिनिटांतच जाम होऊ शकतं. हे नेमकं का होतं आणि ट्यूनिंग नीट कसं करायचं, ते आज बघूया.

पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी होतं

चेनसॉमध्ये टू-स्ट्रोक इंजिन असतं. बाईकसारखं त्यात वेगळं इंजिन ऑइल भरत नाहीत. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ५०:१ प्रमाण सांगितलं असेल तर १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिली टू-टी ऑइल, आणि २५:१ असेल तर ४० मिली. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये जे प्रमाण दिलंय तेच वापरायचं.

कार्बोरेटरवर साधारण तीन स्क्रू असतात. ‘एल’ हा कमी स्पीडचा, ‘एच’ हा फुल स्पीडचा आणि तिसरा आयडलचा. एल आणि एच घड्याळाच्या दिशेने फिरवले की पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण ‘लीन’ होतं. उलट फिरवले की ‘रिच’ होतं.

एच जास्त बंद केला की हवेत रेस दिल्यावर आरपीएम वाढतात, म्हणून मशीन भारी झाल्यासारखं वाटतं. पण पेट्रोलबरोबर ऑइलही कमी झालेलं असतं. पेट्रोलच्या वाफेने इंजिनला मिळणारा गारवाही घटतो. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि त्यावर चरे पडतात. मग पिस्टन-सिलिंडर बदलण्याशिवाय इलाज उरत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भर आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्रण आणखी लीन होतं. अनेक मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, ते आधी तपासा. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून मिश्रण लागेल तेवढंच बनवा आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा.

ट्यूनिंगचा क्रम

१. आधी एअर फिल्टर साफ करा, ताजं मिश्रण भरा आणि इंजिन ३ ते ५ मिनिटं गरम होऊ द्या. फिल्टर तुंबलेला असताना ट्यूनिंग केलं तर ते चुकीचंच होणार.

२. मशीन सपाट जमिनीवर ठेवा. चेन कशालाही टेकू देऊ नका आणि समोर कुणी उभं राहू नये. स्क्रू फिरवायचे ते इंजिन आयडलला असतानाच.

३. एल स्क्रू हळूहळू फिरवून आयडल सगळ्यात जलद कुठे होतं ते शोधा, मग तिथून किंचित उघडा. एकदम रेस दिल्यावर मशीन अडखळलं तर अजून थोडा उघडा.

४. आयडल स्क्रू असा लावा की इंजिन बंद पडणार नाही आणि चेनही फिरणार नाही. आयडलला चेन फिरत असेल तर ते मशीन वापरूच नका.

५. शेवटी एच. हवेत फुल रेस दिल्यावर आवाज किंचित फाटका, घरघरता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. हवेतच एकसारखी बारीक किंकाळी येत असेल तर मिश्रण लीन आहे. एच थोडा उघडा.

काही मशीनच्या कॉइलमध्ये रेव्ह लिमिटर असतो. त्याचाही आवाज असाच फाटका येतो, म्हणून फक्त कानावर भरवसा ठेवू नका. स्टिलच्या एम-ट्रॉनिक आणि हस्कवर्नाच्या ऑटोट्यून मॉडेलमध्ये हे काम मशीन स्वतःच करतं, तिथे हे स्क्रू फिरवायचा प्रश्नच येत नाही.

आरपीएम मोजायला फोन वापरा

टू-स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. म्हणजे आवाजाची फ्रिक्वेन्सी गुणिले ६० बरोबर आरपीएम. फोनमध्ये एखादं ऑडिओ स्पेक्ट्रम अ‍ॅप टाका, फोन दोनेक मीटरवर ठेवा आणि काही सेकंदच फुल रेस द्या. २०० हर्ट्झ दिसले तर १२,००० आरपीएम. कधीकधी दुप्पट आकडाही ठळक दिसतो, तेव्हा ठळक दिसणाऱ्यांपैकी सगळ्यात लहान आकडा धरा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमाल आरपीएमच्या वर जायचं नाही.

मफलर मॉडचं काय?

मफलरचं तोंड मोठं केलं की धूर लवकर बाहेर पडतो, इंजिन जास्त हवा ओढतं आणि थोडी ताकद वाढू शकते. पण जास्त हवा म्हणजे पुन्हा लीन मिश्रण. एच परत लावला नाही तर तेच मॉड इंजिन खातं. चेनसॉचा आवाज आधीच १०० डेसिबलच्या वर असतो, तो अजून वाढतो. आतली ठिणगी अडवणारी जाळी तर काढूच नका. उन्हाळ्यात सुक्या गवतात वणवा लागायला एक ठिणगी पुरते. जाळी काजळीने भरली असेल तर साफ करून परत बसवा.

सगळ्यात स्वस्त ट्यूनिंग: कानस

कापताना लाकडाचे जाड तुकडे उडायला हवेत. भुसा पडत असेल तर इंजिनचा दोष नाही, चेन बोथट झालीय. .३२५ पिचच्या चेनला साधारण ४.८ मिमीची गोल कानस लागते. प्रत्येक दात सारख्याच कोनात आणि सारखेच स्ट्रोक देऊन घासा. दातापुढचा छोटा उंचवटा मात्र मापाने, जपून घासा. तो जास्त उतरला तर चेन लाकडात अडकून बार अंगावर उसळतो. ७ दातांच्या स्प्रॉकेटवर १०,००० आरपीएमला ही चेन ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने धावत असते, हे लक्षात ठेवा.

तेव्हा आधी चेनला धार लावा, मग फिल्टर साफ करा, आणि एवढं करूनही मशीन कमी पडलं तरच स्क्रूला हात लावा. एल-एचबाबत शंका आली तर किंचित रिचच ठेवा. धूर जास्त होईल, प्लगवर काजळी येईल, पण प्लग साफ करता येतो. चरे पडलेला सिलिंडर नुसता पुसून नीट होत नाही.