घसारा : हिशेबातला आणि मोटारीखालचा

‘घसारा’ हा शब्द बँकेशी संबंध असणाऱ्या कोणालाही नवा नाही. यंत्र रात्रंदिवस चालो की वर्षभर झाकून ठेवलेले असो, वर्ष सरले की त्याच्या पुस्तकी किमतीतून घसाऱ्याची रक्कम वजा होते. न वापरलेल्या वस्तूची किंमत कमी का व्हावी, असा प्रश्न एखाद्या नवशिक्या हिशेबनीसाला पडू शकतो. त्याचे उत्तर जुन्या मोटारीखाली डोकावल्यास मिळते. लोखंड चालून झिजते. रबर मात्र नुसत्या काळाने झिजते. म्हणूनच हौसेने जपलेली, मोजकेच अंतर चाललेली जुनी स्पोर्ट्‌स कार वरून आरशासारखी लखलखत असली, तरी तिच्या पोटात घसारा आपले काम निमूटपणे करीत असतो.

आसनांच्या पाठीमागचे इंजिन

उदाहरणादाखल टोयोटा कंपनीची ‘एमआर-टू’ ही मोटार घेऊ. १९८४ मध्ये ती जपानमध्ये विक्रीस आली. दोनच आसने आणि त्यांच्या पाठीमागे, मागील चाकांच्या किंचित पुढे आडवे बसविलेले इंजिन, अशी तिची रचना होती. १५८७ सी.सी. क्षमतेचे आणि सोळा व्हॉल्व्हचे हे इंजिन त्याच कंपनीच्या कोरोला कुटुंबातून आले होते. पुढच्या चाकांना गती देण्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जी जोडणी वापरली जात असे, तीच येथे मागे नेण्यात आली. घरगुती मोटारीच्या अवयवांतून स्पोर्ट्‌स कार घडविण्याची ही युक्ती कमालीची यशस्वी ठरली. १९८९ मध्ये या मोटारीची दुसरी पिढी आली आणि २००७ मध्ये तिचे उत्पादन पूर्णपणे थांबले. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही. जपान, ब्रिटन आणि अमेरिकेत मात्र पहिल्या पिढीतील अनेक गाड्या पस्तिशी ओलांडूनही हौशी मालकांच्या हाती धावत आहेत. या मालकांपुढे कधी ना कधी एक काम हमखास उभे राहते : झिजलेले ड्राइव्ह एक्सल आणि इंजिनाची माउंटिंग्ज बदलणे.

सहा गोळ्या आणि एक रबरी पिशवी

गिअरबॉक्सकडून चाकाकडे शक्ती नेणारा पोलादी दांडा म्हणजे ड्राइव्ह एक्सल. रस्त्यावरील खड्ड्यांनुसार चाक सतत वरखाली होते. गिअरबॉक्स मात्र जवळजवळ जागेवरच असतो. त्यामुळे दांड्याच्या दोन्ही टोकांना वाकू शकणारे सांधे लागतात. कोन बदलला तरी गतीत चढउतार न होऊ देणाऱ्या या सांध्यांना सीव्ही जॉइंट म्हणतात. चाकाकडील सांध्यात सहसा सहा पोलादी गोळ्या आपापल्या खाचांतून फिरतात. ही कल्पना अमेरिकेतील अभियंता आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात मांडली. १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये अवतरलेल्या ‘मिनी’ या छोट्या मोटारीने अशा सांध्यांना घरोघरी पोहोचविले. गिअरबॉक्सकडील सांधा वाकतो आणि थोडा आतबाहेरही सरकतो, कारण चाक वरखाली होताना दोन टोकांमधील अंतरही बदलत असते.

या पोलादी सांध्यांचे आयुष्य अवलंबून असते ते घडीदार रबरी पिशवीवर. गॅरेजच्या भाषेत तिला ‘बूट’ म्हणतात. तिच्या आत काळे, घट्ट ग्रीस भरलेले असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते आणि घड्यांच्या तळाशी भेगा पडतात. मग फिरणाऱ्या दांड्याच्या वेगाने ग्रीस बाहेर भिरकावले जाते, आणि त्याच भेगेतून पाणी व धूळ आत शिरते. गोळ्या आणि खाचा यांच्यामध्ये आता वंगणाऐवजी जणू सँडपेपर असतो. स्वस्तातल्या रबराने साथ सोडली, की महागडे पोलाद फार काळ तग धरीत नाही.

इंजिनाचे आसन

दुसरा अवयव म्हणजे माउंटिंग. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘इंजिन फाउंडेशन’ही म्हणतात, आणि हे नाव अत्यंत समर्पक आहे. धातूच्या दोन भागांमध्ये पक्के चिकटविलेले जाड रबर, असे त्याचे स्वरूप असते. इंजिनाचे वजन पेलणे, त्याची कंपने गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे आणि गती वाढविताना इंजिनाला बसणारा उलटा पीळ रोखणे, अशी तीन कामे ते एकाच वेळी करते. एमआर-टू मध्ये इंजिन पाठीमागे बंदिस्त जागेत असल्याने समोरचा वारा त्याच्यापर्यंत थेट पोहोचत नाही. तेथील उष्णतेने रबर लवकर कडक होते आणि इंजिनमधून पाझरणाऱ्या तेलाने ते फुगून मऊ पडते. दोन्ही प्रकारांत शेवट एकच : रबर धातूपासून सुटते आणि इंजिन आपल्या जागेवरून ढळू लागते.

एक्सल आणि माउंटिंग यांचा विचार एकत्रच का करावा, याचे कारण येथे स्पष्ट होते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जखडलेले असल्याने माउंटिंग बसले की गिअरबॉक्सही कलतो आणि एक्सलचा कोन बदलतो. आतला सांधा मग मूळ आराखड्यात नसलेल्या स्थितीत फिरू लागतो. अशा गाडीला नवाकोरा एक्सल बसविला, तरी त्यालाही वाकड्या घरातच संसार करावा लागतो. पाया खचलेला ठेवून भिंतीचा गिलावा बदलण्यासारखाच हा प्रकार होय.

निदान आधी, खर्च मागाहून

खरी अडचण अशी, की दोन्ही दोषांची तक्रार एकाच आवाजात ऐकू येते. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना ‘खट्’ असा धक्का बसला, तर दोष सैल सांध्याचा असू शकतो, तसाच तुटलेल्या माउंटिंगचाही. पुढील चाकांनी चालणाऱ्या मोटारीत वळण घेताना ‘कट-कट’ असा आवाज आला, की बाहेरचा सांधा गेला हे अनुभवी मेकॅनिक लगेच ओळखतो. एमआर-टू च्या मागील चाकांना वळावे लागत नाही. त्यांचे बाहेरचे सांधे कमी वाकतात, अधिक काळ टिकतात, आणि झिजले तरी ती ओळखीची खूण सहजासहजी देत नाहीत.

म्हणून कानांबरोबर डोळ्यांनाही कामाला लावावे. चाकाच्या आतील बाजूस ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटला असे समजावे. गाडी सुरक्षितपणे उचलून दांडा हाताने पुढेमागे फिरवून पाहावा. त्यात अवास्तव हालचाल जाणवली तर सांधा सैल झाला आहे. वेग वाढविताना येणारी थरथर पाय काढताच थांबत असेल, तर संशय आतल्या सांध्यावर घ्यावा. उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असतानाच सारी गाडी थरथरत असेल, तर दोष बहुधा माउंटिंगकडे असतो. टॉर्चच्या प्रकाशात रबर व धातू यांमधील फट दिसली, की खात्री पटते.

कामाची शिस्त

हे काम अवघड नाही. त्याला घाई मात्र चालत नाही. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. गाडी भक्कम स्टँडवर टेकविल्याखेरीज तिच्याखाली कोणीही शिरू नये, कारण येथे चुकीची किंमत पैशांत मोजता येत नाही. चाकाच्या मध्यभागी असलेला मोठा नट अनेक वर्षांच्या गंजाने घट्ट बसलेला असतो. सहायकाने ब्रेक दाबून धरल्यास तो सोडविणे सुकर होते. एक्सल बाहेर काढताना दांड्याला ओढू नये, अन्यथा आतला सांधा आतल्या आत निखळतो. एवढे सारे उघडलेच आहे, तर जेथून तेल गळू शकते ते सीलही त्याच वेळी बदलावे. त्याची किंमत अल्प, परंतु पुन्हा उघडण्याची मजुरी मोठी असते.

माउंटिंग बदलताना इंजिनला खालून लाकडी फळीचा आधार द्यावा आणि एका वेळी एकच माउंटिंग काढावे. सर्व बोल्ट प्रथम सैलसर बसवून इंजिनला आपल्या नैसर्गिक जागी स्थिरावू द्यावे, आणि मगच ते आवळावेत. पिळलेल्या अवस्थेत आवळलेले नवे रबर थोड्याच दिवसांत फाटते. शेवटी चाकाचा मोठा नट निर्मात्याच्या पुस्तिकेतील ताणापर्यंत घट्ट करून नवी स्प्लिट पिन घालावी. त्याआधी गाडीचे वजन त्या चाकावर येऊ देऊ नये. बेअरिंगला इजा पोहोचू शकते.

सुटे भाग निवडतानाही विवेक हवा. जुना म्हणून प्रत्येक एक्सल टाकाऊ ठरत नाही. गोळ्या आणि खाचा गुळगुळीत असतील, तर मूळ सांधा धुऊन, नवे ग्रीस व नवा बूट घालून पुन्हा वापरणे हे अज्ञात दर्जाचा स्वस्त एक्सल घेण्यापेक्षा कित्येकदा हितावह असते. शर्यतीसाठी मिळणारी कडक पॉलियुरेथेनची माउंटिंग्ज इंजिनला घट्ट धरतात. परंतु रोजच्या प्रवासात तेच इंजिन मालकाच्या दातांपर्यंत जाणवते.

आपल्या दारची मोटार

वाचकहो, हा विषय परदेशी हौशी मंडळींपुरता मर्यादित नाही. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने पुढच्या चाकांनी चालणारी मोटार भारतीय कुटुंबाच्या दारात आणली, आणि तिच्यासोबत हेच सांधे, हेच बूट आणि हीच माउंटिंग्ज आली. आजच्या बहुतेक लहान मोटारींतही ती आहेत. आपल्या गाडीचे चाक तर वळतेही. त्यामुळे फाटक्या बुटाची शिक्षा तिला अधिक लवकर भोगावी लागते. पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली, की चारही बूट आणि माउंटिंग्ज दाखविण्यास मेकॅनिकला आवर्जून सांगावे. गाडी फारशी चालली नाही, हे कारण पुढे करू नये. किलोमीटरचा आकडा लोखंडाचे वय सांगतो. रबराचे वय कॅलेंडरवरच पाहावे लागते. वेळीच बदललेल्या एका बुटाचा खर्च हीच या अटळ घसाऱ्यासाठी केलेली सर्वांत स्वस्त तरतूद होय.