आईच्या रक्तातला बाळाचा डीएनए : टक्का का महत्त्वाचा?

डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन असतात, हे आपण वर्गात शिकवतो. मग एखादं मूल हमखास विचारतं, "हे जन्माआधी कळतं का?"

डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिलं, की गरोदर आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे सुटे तुकडे फिरत असतात. हे तुकडे मुख्यतः वारेच्या पेशींतून येतात. यावरूनच एनआयपीटी ही चाचणी निघाली. दहाव्या आठवड्यापासून आईचं थोडं रक्त घेऊन ती करता येते.

पण त्या रक्तातले बहुतेक तुकडे आईचेच असतात. बाळाचा वाटा साधारण १० टक्के. यालाच 'फीटल फ्रॅक्शन' म्हणतात. आता फळ्यावर एक गणित मांडू.

समजा, २१ व्या गुणसूत्राचे १००० तुकडे मोजले. त्यांत बाळाचे १००. बाळात हे गुणसूत्र एक जास्त असेल, तर १०० चे १५० होतील आणि एकूण १०५०. म्हणजे ५ टक्के वाढ. पण बाळाचा वाटा ४ टक्केच असेल, तर ४० चे ६०, एकूण १०२०. वाटा २ टक्के असेल, तर फक्त १०१०! एवढा छोटा फरक मोजणीतल्या नेहमीच्या चढउतारात हरवून जातो. म्हणून अनेक प्रयोगशाळा साधारण ४ टक्क्यांच्या खाली निकालच देत नाहीत.

वाटा कमी का पडतो? रक्त फार लवकर घेतलं तर. आईचं वजन जास्त असेल तर. शिवाय १३ किंवा १८ व्या क्रमांकाचं गुणसूत्र जास्त असलेल्या काही गर्भांतही तो कमी असतो.

म्हणूनच रिपोर्टवर 'निकाल नाही' असं आलं, तर त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असा नाही आणि 'बाळात दोष आहे' असाही नाही. घाबरू नये, पण रिपोर्ट कपाटातही ठेवू नये. पुन्हा रक्त द्यायचं, की सोनोग्राफी आणि गर्भजल तपासणी करायची, हे डॉक्टरांना लगेच विचारावं. आठवडे थांबत नाहीत.

आणि 'धोका जास्त' असं आलं, तरी ती फक्त चाळणी आहे. खात्री गर्भजल तपासणीसारख्या निदान चाचणीनेच होते. त्याआधी कुठलाही मोठा निर्णय घेऊ नये.