शिवकालीन लूटव्यवस्था

शिवकालीन लूटव्यवस्था म्हणजे सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या लष्कराने परमुलखातील मोहिमांत मिळवलेल्या मालाची नोंद, वाहतूक, तपासणी आणि सरकारजमा करण्याची पद्धत होय. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी करणे आणि परतल्यावर त्याच यादीशी त्याचे सामान ताडून पाहणे, हा या पद्धतीचा गाभा होता. त्यामुळे लूट ही सैनिकाची खासगी कमाई न राहता राज्याच्या उत्पन्नाची बाब बनली.

या नियमांची सर्वांत सविस्तर माहिती कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत मिळते. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिली गेली. बखर प्रामुख्याने नियम सांगते. प्रत्यक्ष स्वाऱ्यांचे तपशील इंग्रज व डच वखारींचे कागद आणि मोगल दरबाराच्या नोंदी यांतून कळतात.

पार्श्वभूमी

स्वराज्याचा बराचसा प्रदेश डोंगराळ व कमी उत्पन्नाचा होता. किल्ले, पायदळ आणि घोडदळ यांचा खर्च केवळ शेतसाऱ्यातून भागणे कठीण होते. त्यामुळे शत्रूच्या मुलखातून खंडणी, चौथाई आणि लूट मिळवणे हा युद्धनीतीचा भाग झाला. याला मुलूखगिरी असे म्हणत. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणीत राही. दसऱ्याला ते कूच करी आणि सुमारे आठ महिने परमुलखात राहून तेथेच आपला निर्वाह करी.

घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला असे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे आणी. सभासदाच्या सांगण्यानुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी असा क्रम होता. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. हजारीच्या हाताखाली मजुमदार, कारभारी व जमेनीस असत. म्हणजे हिशेब ठेवणारी माणसे लष्कराबरोबरच प्रवास करीत.

निघतानाचा झाडा

लष्कर निघण्यापूर्वी लहानथोर सर्वांच्या ‘बिशादीचा झाडा’ घेतला जाई. बिशाद म्हणजे मालमत्ता आणि झाडा म्हणजे तपशीलवार मोजदाद. कोणाकडे किती वस्तू, किती कापड, किती रोकड आहे याची नोंद झाल्यामुळे परतीच्या वेळी तुलना करण्यास आधार मिळे. या पहिल्या यादीशिवाय नंतरच्या तपासणीला अर्थ राहिला नसता. कारण एखादी वस्तू घरून आणलेली की लुटीतून मिळालेली, हे ठरवण्याचे दुसरे साधन नव्हते.

मोहिमेतील निर्बंध

काय आणायचे नाही, याचेही नियम होते. लष्करात बायको, बटीक किंवा कलावंतीण बाळगण्यास बंदी होती आणि ती मोडणाऱ्यास मृत्युदंडाची शिक्षा सांगितलेली आहे. परमुलखातील बायका-मुले धरू नयेत, गाय घेऊ नये, बैल घ्यावा तो केवळ ओझ्यासाठी, ब्राह्मणांना उपद्रव देऊ नये व त्यांना खंडणीसाठी ओलीस धरू नये, असे नियम सभासदाने नोंदवले आहेत. या निर्बंधांना नैतिक बाजू होती, तशीच व्यावहारिकही: कुटुंबकबिला आणि अनावश्यक लवाजमा नसल्याने फौजेचा वेग टिकून राही.

वजन, किंमत आणि वेग

मराठा घोडदळाचे बळ त्याच्या वेगात होते आणि लुटीचे ओझे हा वेग कमी करी. म्हणून कमी वजनाच्या व अधिक किमतीच्या मालाला प्राधान्य मिळे. जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या पहिल्या लुटीत सोने, चांदी, मोती व जवाहीर यांवर भर होता. ऑक्टोबर १६७० मधील दुसऱ्या लुटीनंतर मोगलांनी केलेल्या चौकशीत गेलेल्या मालाची किंमत ६६ लाख रुपये ठरली. त्यांपैकी ५३ लाखांचा ऐवज शहरातून गेलेला होता.

लूट मिळवण्याइतकेच ती सुरक्षित पोहोचवणे कठीण होते. सुरतेहून परतताना बुऱ्हाणपूरकडून आलेल्या दाऊदखान कुरेशीने मराठ्यांना गाठले. तेव्हा मालाने लादलेली जनावरे पुढे काढून देण्यात आली आणि उरलेल्या फौजेने शत्रूला अडवून धरले. १७ ऑक्टोबर १६७० रोजी झालेली ही लढाई वणी-दिंडोरीची लढाई म्हणून ओळखली जाते.

परतीचा झाडा

वैशाखात लष्कर परतले, की स्वराज्याच्या सरहद्दीवरच सर्वांची झडती होई. सामान पहिल्या यादीशी ताडून पाहिले जाई. जास्त निघालेल्या वस्तूची किंमत सैनिकाच्या येणे असलेल्या पगारातून वळती केली जाई. मौल्यवान वस्तू सरकारात घेतली जाई. चोरून ठेवलेला माल उघडकीस आला, तर शिक्षा होई. झडती घरी पोहोचल्यावर न घेता सरहद्दीवर घेतल्यामुळे माल वाटेत लपवण्यास किंवा विकण्यास फारसा वाव राहत नसे.

यानंतर सरदार सोने, रुपे, जडजवाहीर व कापड यांचा हिशेब तयार करून महाराजांसमोर हजर होत, हिशेब समजावून देत आणि माल हुजुरात भरत. फौजेचे देणे बाकी असल्यास ते याच वेळी मागितले जाई. कोणी पराक्रम केला आणि कोणी कसूर केली, याची चौकशी होऊन बढती व शिक्षा ठरत. लुटीत वाटा देण्याऐवजी ठरलेला पगार व बक्षीस देण्याची ही रीत असल्याने सैनिकाची निष्ठा सरदारापेक्षा राज्याशी जोडली जाण्यास मदत झाली.

साठवण

सभासदाने राज्याच्या अठरा कारखान्यांची व बारा महालांची यादी दिली आहे. आलेला माल त्याच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या ठिकाणी जाई:

• जवाहिरखाना – रत्ने व दागिने
• जामदारखाना – वस्त्रे व मौल्यवान कापड
• अंबरखाना – धान्य
• दारूखाना – बारूद
• पीलखाना व उष्टरखाना – हत्ती व उंट
• पागा – घोडे

साठ्याच्या काटकसरीवर किती भर होता, हे मे १६७३ मध्ये चिपळूण भागातील लष्करी अधिकाऱ्यांना पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रातून दिसते. दाणा व वैरण आताच बेहिशेब खर्च केली, तर पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी मरतील आणि लोक रयतेला उपद्रव देऊ लागतील, असा इशारा त्यात आहे. चूल, तंबाखू आणि उंदराने ओढून नेलेली दिव्याची पेटती वात यांमुळे गवताच्या गंजींना आग लागू शकते, इतक्या बारीक सूचना त्यात आहेत.

खानदेशातील मोहिमा

खानदेश हा मोगलांचा संपन्न सुभा होता आणि बुऱ्हाणपूर हे त्याचे मुख्य ठाणे. सुरत व बुऱ्हाणपूर यांना जोडणारा व्यापारी मार्ग तापीच्या खोऱ्यातून जाई. सह्याद्रीत उगम पावून मालेगाव, भडगाव या बाजूने तापीला मिळणारी गिरणा नदी या सपाट, सुपीक प्रदेशाला बागलाणच्या डोंगरी मुलखाशी जोडते. त्यामुळे साल्हेरसारखे किल्ले हाती असणे खानदेशावरील स्वाऱ्यांसाठी महत्त्वाचे होते.

१६७० च्या अखेरीस मराठ्यांनी बुऱ्हाणपूरजवळचे बहादूरपूर लुटले आणि पुढे वऱ्हाडातील कारंजा गाठले. जदुनाथ सरकार यांच्या मते कारंज्याची लूट चार हजार बैल व गाढवांवर लादून नेण्यात आली. याच मोहिमेत खानदेशातील गावांकडून चौथाई देण्याची लेखी कबुली घेण्यात आली. एकदाच लुटण्यापेक्षा दरसाल ठरावीक रक्कम मिळणे अधिक लाभाचे होते. धरणगाव येथील इंग्रजांची वखार १६७५ मध्ये लुटली गेली. १६७९ मध्ये धरणगाव व चोपडे यांवर पुन्हा स्वारी झाली.

गावांच्या दृष्टीने मात्र ही शिस्त अपुरीच होती. मोगलांचा सारा भरूनही वर चौथाई द्यावी लागे आणि ती न दिल्यास स्वारीची भीती राही. व्यापाऱ्यांचे नुकसान भरून निघण्याची शक्यता कमी असे. इंग्रजांनी आपल्या वखारींच्या लुटीबद्दल भरपाई मागितली आणि १६७४ च्या तहात राजापूरच्या वखारीसाठी दहा हजार होन मान्यही झाले. पण अशी बोलणी करण्याचे बळ सामान्य रयतेकडे नव्हते.

ऱ्हास

१६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मध्यवर्ती सत्ता विस्कळीत झाली. सरदारांना स्वतंत्रपणे फौजा उभारून मुलूख मिळवण्याची मोकळीक देणे भाग पडले आणि पुढे सरंजामी पद्धत रुजली. सरहद्दीवरील झाडा घेणारी यंत्रणा मागे पडली. अठराव्या शतकात पेंढारी पगाराऐवजी लुटीवरच जगत. याचा जबर फटका खानदेशाला बसला: १८०२ मधील होळकरी फौजांची धामधूम, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचे हल्ले यांमुळे अनेक गावे ओस पडली. १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला.

संगणकीय खेळांतील साम्य

मध्ययुगीन पार्श्वभूमीच्या भूमिकाप्रधान खेळांत लूट व सामान सांभाळण्याचे असेच प्रश्न येतात. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सामानाचे ओझे सोन्याच्या नाण्यांच्या वजनात मोजले जाई. १४०३ मधील बोहेमियात घडणाऱ्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ (२०१८) या खेळात मर्यादेपेक्षा जास्त ओझे झाल्यास पात्राला धावता येत नाही, घोड्यावर वेगळे सामान लादता येते आणि चोरीचा माल शिपायांच्या झडतीत पकडला जातो. वजनाच्या मानाने अधिक किमतीची वस्तू उचलणे आणि अनावश्यक ओझे टाळणे, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. मात्र अशा खेळांत लूट सहसा खेळाडूचीच राहते. शिवकालीन व्यवस्थेत ती राज्याची होती आणि तिचा हिशेब सरहद्दीवरच द्यावा लागे.