व्यावहारिक पिस्तूल नेमबाजी : नवोदिताची पहिली स्पर्धा

१९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया येथे स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशनने या क्रीडाप्रकारास अचूकता, शक्ती व वेग या त्रयीचे अधिष्ठान दिले. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. ऑलिम्पिकमधील पिस्तूल नेमबाज एका जागी उभा असतो. येथील स्पर्धक धावत, आडोशामागून नेम धरतो. गुणांना सेकंदांनी भागून निकाल ठरतो. त्यामुळे १५ सेकंदांतील ६० गुणांपेक्षा १० सेकंदांतील ५० गुण सरस ठरतात. साहजिकच स्थानिक स्पर्धेत प्रथम उतरणारा घाई करतो व तेथेच फसतो. पिस्तूल निसटले किंवा नळीचे तोंड सुरक्षित कोनाबाहेर वळले, की गोळी सुटलेली नसली तरी तो बाद होतो. फेरीअंती पंचाच्या आज्ञेने पिस्तूल रिकामे करून दाखवावे लागते. मगच ते होल्स्टरमध्ये जाते.