रस्त्याची किंमत कोण भरतं?

मंडळी, आज आपण मोटार चालवण्याच्या खर्चाबद्दल बोलू. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात कशाला पडावं, असं तुम्ही म्हणाल. पण 'ज्याचं त्यानं भरावं' असं आपण सहज म्हणतो ना, त्यातलं 'ज्याचं' म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आमच्याच अंगणातला आहे.

गाडीची किंमत, रस्ताकर, विमा हा खर्च गाडी दारात उभी राहिली तरी सुटत नाही. पेट्रोलचा खर्च किलोमीटरगणिक वाढतो. तिसरा खर्च मात्र आपल्या खिशातून जातच नाही. समजा, सकाळी नऊला एका रस्त्यावर हजार गाड्या आहेत. आपण आपली घातली आणि प्रत्येकाला फक्त दोन सेकंद उशीर झाला. दोन सेकंद म्हणजे काहीच नाही, बरोबर? पण एकूण झाले दोन हजार सेकंद, म्हणजे तेहेतीस मिनिटं. एवढा वेळ आपण लोकांचा घेतला आणि आपल्याला पत्ताही नाही. त्यात एखादी बस असली तर बघा, पन्नास माणसं अडकली, आणि त्यांनी तर रस्त्याची जागा माणशी नावापुरतीच घेतलेली असते.

हा विचार नवा नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञानं १९२० साली तो मांडला. पुढे विल्यम विक्री यांनी त्याचा जन्मभर पाठपुरावा केला; १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांत ते गेले. गर्दीच्या वेळी जास्त, एरवी कमी असं शुल्क घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आपल्याकडचा टोल म्हणजे हे नव्हे. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरचा टोल उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायला होता. रात्री दोनला जेवढा, तेवढाच सकाळी नऊला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना तो माफ झाला, पण गर्दीचा हिशेब त्यात आधीही नव्हता.

आता आक्षेप घेऊ, कारण तो खरा आहे. श्रीमंत पैसे भरून सुसाट जाईल, गरिबानं काय करायचं? यावर 'आजही बसमधला माणूस वेळेनं किंमत भरतोच आहे' असं उत्तर देतात. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. ज्या नर्सची पाळी सातलाच सुरू होते आणि घरापाशी बस येत नाही, तिला वेळ बदलता येत नाही. तिच्या बाबतीत सगळं अवलंबून राहतं ते जमलेला पैसा कुठे जातो यावर. लंडननं २००३ साली पाच पौंडांनी सुरुवात केली आणि शिल्लक वाहतुकीवरच खर्च करायची, असं कायद्यानं बांधून घेतलं.

स्टॉकहोमची गोष्ट आम्हाला जास्त बोलकी वाटते. तिथे बहुसंख्य लोक विरोधात होते. तरी जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने प्रयोग झाला: वेळेप्रमाणे दहा, पंधरा, वीस क्रोनर, दिवसाला जास्तीत जास्त साठ. शहराच्या वेशीवरची वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी घटली. सप्टेंबरात सार्वमत घेतलं तेव्हा शहरातल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी बाजूनं मत दिलं. आसपासच्या ज्या गावांनी स्वतंत्र मतदान घेतलं, तिथे मात्र बहुमत विरोधात गेलं. शुल्क २००७ पासून कायम झालं. म्हणजे हवा शहराची सुधारली आणि बाहेरून येणाऱ्यांचा कौल बाजूला राहिला! मग निर्णय कोणाचा धरायचा, रस्त्याकाठी राहणाऱ्याचा की रस्ता वापरणाऱ्याचा? आमचा कल पहिल्याकडे आहे, पण पूर्ण खात्रीनं नाही.

जाता जाता विम्याचं. आपल्याकडे मोटारीचा तृतीय पक्ष विमा इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. आमच्यासारखा म्हातारा रविवारी भाजी आणायला गाडी काढतो. शेजारचा मुलगा रोज पुणे–चाकण करतो. इंजिन सारखं, तर हप्ताही सारखा. अपघाताची शक्यता कोणाची जास्त, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. इथे किलोमीटरप्रमाणे हप्ता लावला तर कमी चालवणाऱ्याचे पैसे वाचतात, आणि नर्सबाईंचा प्रश्नही शहराच्या शुल्काइतका अवघड होत नाही. आमच्या मते सुरुवात इथूनच करावी.